गाठींच्या आड

आजही ती दोघं रुईच्या गाठींच्या आड जाऊन बसली आणि शेषरावचा जीव टांगणीला लागला.

शेषराव अकोल्याच्या ठेसनावर फाटकाचा शिपाई. वऱ्हाडात आगगाडी येऊन फार दिवस झाले नव्हते, पण ठेसनाच्या भिंती धुरानं आताच काळ्याकुट्ट झाल्या होत्या. तेलाचा वास, बैलांचं शेण, हमालांच्या शिव्या आणि नाकातोंडात जाणारी रुई. सोवळी माणसं नाकाला धोतर लावून जायची. शेषरावला मात्र ठेसन भारी आवडायचं. सुट्टीच्या दिवशीही तो इथंच येऊन बसायचा, आता बोला!

शकुनही त्याला आवडायची, अगदी लेकीसारखी. माळ्याची सून. गाडीच्या वेळेला टोपलं घेऊन यायची आणि आधी मूठभर बोरं शेषरावच्या हातावर ठेवायची.

पण दुपारची गाडी गेली, की विलायतेला जाणाऱ्या रुईच्या गाठींमागं ती आणि भगवंत हमाल. काय ते बोलणं, काय ते हसणं! मग ती आधी जायची, तो मागून. दोघंही लग्न झालेली, शेषरावनं विचारून घेतलं होतं. सासरी कळलं तर पोरीला उभ्या उभ्या हाकलतील, या धास्तीनं त्याला बोरं गोड लागेनात.

परवा त्यानं तिला गाठलंच.

"पोरी, नवरा मारते काय तुले?"

"नाही जी! गाईवानी गरीब हायेत."

"मंग कावून हे धंदे?"

शकुननं पदर ओढला. "घरी एक शबुद बोलत नाहीत जी माह्यासंगं. लगनाले तीन वर्सं झाली. इथं आली का मन मोकळं होते."

शेषरावला फार वाईट वाटलं. अशी बोलकी पोर आणि असल्या मुक्याच्या पदरी!

आणि आज फाटकातून एक म्हातारी तरातरा आत आली.

"मी गोदाबाई. माही सून कुठी हाय? शकुन. बोरं विकते थे."

शेषरावनं बाजाराकडं बोट दाखवलं. "गेली ना! मघाशीच गेली बाजारात."

नेमकं तेव्हाच गाठींमागून खुदकन हसू आलं. म्हातारी वळली. शेषराव आडवा आला.

"तिकडे नका जाऊ माय, इंजिन अंगावर येते!"

"तुह्या इंजिनाले सांग, गोदाबाई आली म्हना!"

"पोर लई गुणाची हाय. तिले घरातून काढू नका, हात जोडतो तुमाले."

म्हातारीनं त्याला ढकललं आणि ती गाठींमागं गेली. शकुन भगवंताला बोर भरवत होती. तो ताडकन उठला. डोक्याला, मिशांना सगळी रुई. शेषरावनं डोळे मिटून घेतले.

गोदाबाईनं कपाळावर हात मारला.

"अरे भगवंता, नऊ महिने पोटात वागवलं तुले! परकी बाई असती तं लोकायनं एकडाव समजून घेतलं असतं. पण भरदिवसा, चारचौघात, सोताच्या बायकोसंगं हासतं?"