पोटमाळा

जुन्या कारखान्यातलं ते घर दोघांनी बघताक्षणी भाड्याने घेतलं होतं. उंचच उंच छत, मध्ये एकही भिंत नाही आणि झोपायला वर लाकडी पोटमाळा.

बाळंतपणानंतर महिनाभर राहायला आलेली तिची आई पाचव्याच दिवशी सकाळी परत निघाली. "शिवायला घेतलेले कपडे तसेच पडलेत गं," म्हणाली. कितीही विनवलं तरी थांबली नाही.

आई खाली ज्या सोफ्यावर झोपायची, त्यावर ती संध्याकाळी जरा टेकली. वर बाळ झोपलं होतं, म्हणून त्याच्याजवळ बसलेला नवरा फोनवर अगदी कुजबुजत बोलत होता. "आई, नीट पोहोचलात ना? लवकर परत या हं."

खाली शब्द न् शब्द ऐकू आला.

आदल्याच दिवशी, त्याच पोटमाळ्यावरून, याहून हळू आवाजात ती त्याला म्हणाली होती, "महिनाभर आईला कसं सहन करू रे मी?"