तातडीचा नंबर

उद्या नानांचं ऑपरेशन होतं आणि पाचच्या आत नोंदणी झाली नाही तर तारीख हातची जाणार होती. इस्पितळाचा ऑनलाइन फॉर्म त्यांच्या प्रोग्रामर मुलानेच बनवलेला, पण दिव्याखाली अंधार! नेमका नानांनी घरून भरलेलाच फॉर्म सर्व्हर सारखा परत फेकत होता : ‘४०० – चुकीची विनंती’.

साडेचार वाजले. फॉर्ममधली माहिती ज्या ‘जेसन’ साच्यात सर्व्हरकडे जाते, त्यातला एकेक कंस, एकेक स्वल्पविराम त्याने ऑफिसात बसून डोळ्यांत तेल घालून तपासला. मध्येच नानांचा फोन यायचा आणि तो कापायचा. तिसऱ्यांदा कापताना तो पुटपुटला, "अहो नाना, तुमचंच काम करतोय!"

"अरे, नुसता चारशेचा आकडा काय बघत बसलायस? त्याच्याखाली कारण दिलेलं असतं, ते वाच की," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

त्याने वाचलं. ‘तातडीच्या संपर्काचा नंबर दिलेला नाही.’

त्याने लगेच घरी फोन लावला. "नाना, तेवढाच रकाना रिकामा का सोडलात? माझा नंबर तर तुम्हाला तोंडपाठ आहे!"

"आहे रे बाळा. पण तिथे तूच लिहून ठेवलंयस ना...

‘पहिल्याच रिंगला फोन उचलेल, अशाच माणसाचा नंबर द्या.’"