निशाकरबाबूंची बाई

"कोण आहे ती?" लतिकाने विचारलं, आणि निशाकर समाजदारांना एकदम हायसं वाटलं.

नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो, न्हाणीघरातून लवकर निघत नाही, हात लावला की दचकतो. बाईच असणार, असं तिला वाटलं. खरं तर बाबूंच्या जांघेत नायटा होता. जांघेतून तो नको तिथपर्यंत गेला होता. पण हे बायकोला कसं सांगायचं? नायटा हमालांना होतो, रिक्षावाल्यांना होतो. चंदननगरच्या समाजदारांना होत नाही. ते मान खाली घालून गप्प बसले. आपलं गप्प बसणं ही कबुली ठरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नायटा त्यांनी स्वतःच पोसला होता. रोज सकाळी गंगेत बुडी मारायची आणि ओला गमछा कमरेला गुंडाळून व्हरांड्यात पेपर वाचत बसायचं. वडील तसेच बसत, आजोबाही तसेच बसत. पेपर संपला की गमछा दांडीवर. मग त्याच गमछ्याने लतिका अंग पुसायची. औषधाच्या दुकानात बाबू कुजबुजायचे, "मेहुण्यासाठी हवंय हो." त्या ट्यूबने चार दिवस थंड वाटायचं. मग नायटा दुप्पट जोमाने परत यायचा, आणि बाबू मेहुण्यासाठी नवी ट्यूब आणायचे.

बाईची बातमी मोलकरणीने गावभर केली. चहाच्या टपरीवरच्या अड्ड्यात बाबूंना आजवर कोणी सरकून जागा दिली नव्हती. त्या दिवशी हारानबाबू चक्क उठून उभे राहिले.

"छुपे रुस्तम निघालात की, मोशाय! या वयात! कुठली म्हणायची?"

"कल्याणी गावची," बाबूंच्या तोंडून निघून गेलं. "शाळेत शिकवते."

दुर्गापूजा जवळ येईपर्यंत बाबूंच्या गप्पांत ती बाई गायलाही लागली होती. बाबू पाय फाकवून चालत. अड्ड्याला त्यातही ऐट दिसली.

घरात लतिकाने मासा सोडला. मासा सोडतात त्या विधवा; नवरा जिवंत असताना बंगाली बाईने मासा सोडावा, यापरता मोठा आकांत नाही. इलिशचा तुकडा ती बाबूंच्या पानात वाढायची आणि स्वतः डाळभात कालवायची. बाबूंना ते दिसत होतं. पण एक शब्द खरा बोलायचा तर तो शब्द नायटा होता. त्यापेक्षा त्यांनी मासा गिळला.

शेवटी तिचा धाकटा भाऊ सुधामय बर्दवानहून तिला न्यायला आला. बॅग दाराशी ठेवलेली होती. बाबू आरामखुर्चीत बसून होते, चेहऱ्यावर पापी माणसाचं तेज होतं. तेवढ्यात लतिका बाहेरून आली. हातात औषधांची पिशवी होती.

"सुधा, बॅग आत ठेव. मी येत नाही."

"दीदी!"

"मलाही खाज सुटली होती. कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आले." ती हे भाजीबाजाराला जाऊन आल्यासारखं बोलली. मग नवऱ्याकडे वळली. "म्हणाले, हा नायटा आहे. नवऱ्यालाही असणार, आणि तो दुकानातली ट्यूब फासत असणार. ती आधी फेकायची. आणि ज्यांना ज्यांना खाज आहे त्यांनी एकदमच औषध घ्यायचं, नाहीतर ते एकमेकांत फिरत राहतं."

बाबूंचा चेहरा उतरला.

"खूप विचार केला मी," लतिका म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "झालं ते झालं. घर मोडून मी कुठे जाऊ? उद्या तुम्ही चला, आणि तिलाही बोलवा. तीही बिचारी खाजवत बसली असेल. मी काही बोलणार नाही तिला."

बाबूंनी छताकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"कोणी नाही," ते पुटपुटले.

"म्हणजे?"

"बाई नाहीच. कधी नव्हतीच. नायटाच होता नुसता. सांगायची लाज वाटली."

सुधामयने आधी डोळे मोठे केले, मग मांडीवर थाप मारून तो खदाखदा हसत सुटला. "जामाईबाबू, धन्य आहात! दीदी, अगं सुटलीस तू! संदेश मिठाई आणू का?"

बाबूही ओशाळं हसले. आता सगळं मिटलं, असं त्यांना वाटलं.

लतिका हसली नाही. तिने औषधाची पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, बॅग उचलली आणि दारात वळून म्हणाली, "बाईच्या मोहात माणूस वाहवत जातो, म्हणून तुम्हाला माफ केलं होतं."