जाळी होतीच

पत्रा कापायच्या मशीनवरची संरक्षक जाळी सुपरवायझरनेच काढायला लावली होती, कारण तिच्यामुळे तासाला चाळीस नग कमी निघत. त्या सकाळी पातं खाली आलं आणि पत्र्याबरोबर ऑपरेटरची तीन बोटंही कापून गेलं.

दवाखान्यातून बायकोने वकिलाला फोन लावला. "जाळी नव्हती हे सिद्ध झालं, तर भरपाई मिळेल," वकील म्हणाला.

तो फोन ठेवते न ठेवते तोच सुपरवायझरचा आला. तिने स्पीकर लावला.

"वहिनी, जाळी होतीच हं. ह्याचंच लक्ष नव्हतं. आता इन्स्पेक्टर येतोय, तो बघेलच."

त्याच्या आवाजामागे मशीनची धडधड ऐकून ऑपरेटरला कळायचं ते कळलं. मशीन बंद केलं की त्या वेळेची मशीनमध्ये नोंद होते आणि ती इन्स्पेक्टरला दिसते, म्हणून हा गडी चालू मशीनवरच जाळी बसवतोय!

"साहेब, आधी मशीन बंद करा!" तो खाटेवरून ओरडला.

"गप पड, थोट्या!"

संध्याकाळी शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आणला. उजवा हात मनगटापासून नव्हता.



"वहिनी," सुपरवायझर कण्हत म्हणाला, "त्या वकिलाचा नंबर द्या ना."