सरिताताईंचा गजर

घोलवडच्या चिकूवाडीत आमचा लिहिणाऱ्यांचा गट जमला होता. सरिताताईंनी विषय दिला, 'कच्चा चिकू', आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावला. कादंबरी साभार परत आल्यापासून त्या एवढंच करायच्या. स्वतः एक ओळ लिहीत नव्हत्या.

"असल्या विषयावर काय लिहायचं, ताई?" धनेश कुरकुरला.

"थांब, दाखवते," म्हणत त्यांनी चिकूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि लिहायला बसल्या. एक बाजू भरली तसा त्यांनी पुठ्ठा उलटला. मग एकदम दचकून विचारलं, "वेळ संपली का रे?"

"अजून दोन मिनिटं आहेत," धनेश म्हणाला.

गजर त्याने केव्हाच बंद केला होता, आणि आम्हा सगळ्यांचा दुसरा चहाही पिऊन झाला होता.