चार वर्षांचा कागद

तीनच्या एसटीला अजून वेळ होता. स्वाती ओटीवर आडवी झाली, उशाला कागदांची पिशवी घेऊन. बारावीचे मूळ दाखले आणि दोन कॉलेजांची प्रवेशपत्रं त्यात होती. दाखले उद्या एकाच कॉलेजात द्यायचे होते. पालघरला दोन वर्षांचं एएनएम, ते करून लगेच पाड्याजवळच्या उपकेंद्रात. नाहीतर नाशिकला चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. नंबर दोन्हीकडे लागला होता. झोप मात्र आठ दिवस लागली नव्हती.

तिची आई भागी पाड्यावरची सुईण. ॲम्ब्युलन्स डोंगर चढून येईपर्यंत बायका अजून तिलाच हाक मारायच्या. पण आता तिची बोटं कापत. सकाळीच म्हणाली होती, "माजे हात दोन वरसं रेटतील, बाय. चार नाय."

तेवढ्यावर स्वातीने पालघर ठरवून टाकलं. साधं रडलीही नाही वेडी.

डोळा लागला. स्वप्नात एक लांबच लांब पांढरा व्हरांडा होता. फरशी ओढ्याच्या पाण्यासारखी गार. ती अनवाणी चालत होती, पुढून कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणत होतं, आणि व्हरांडा काही संपत नव्हता. तो संपू नये असंच तिला वाटत होतं.

कोंबड्यांच्या कलकलाटाने जाग आली. खुराडं सताड उघडं. शेळीचं दावं सोडलेलं, कणगीवरचं झाकण काढलेलं, पत्र्याची पेटी उघडी, डब्यांची झाकणं जमिनीवर. मधोमध भागी, केस मोकळे सोडून.

बाई अडली की भागी त्या घरातली एकूण एक गाठ सोडायला लावायची, सगळी झाकणं काढायला लावायची. बाळाला वाट मोकळी होते म्हणायची.

स्वाती धडपडत उठली. "आये, आपल्या घरात कोन बाळंत होतंय?"

"मी," भागी म्हणाली. "आठरा वरसं झाली, पोर बाहेर पडंना. झोपंत हसत होतीस. इतकं कदी हसली नाय तू."

"आनि तुजे हात?"

घरात एकच गाठ उरली होती, उशाच्या पिशवीची. भागी खाली बसली आणि कापऱ्या बोटांनी सोडू लागली. स्वातीने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. फार वेळ लागला. पण सुटली.

"लांबचा कागद कंचा?"

स्वातीने बोट ठेवलं. भागीने तो सगळ्यांच्या वर ठेवला. गाठ मात्र पुन्हा मारू दिली नाही.