मडकं, नळी आणि मुका वर्ग

तळोद्यापलीकडच्या आश्रमशाळेत हिलाल सरांनी खाऱ्या पाण्याचं मडकं आणि नळी मांडली. उत्तर सांगायचं नाही, पोरांनीच शोधायचं, हा त्यांचा नेम.

"यातून गोडं पाणी कसं काढाल?"

वर्ग असा मुका, की भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकेना. प्रश्न फिरवून फिरवून सरांच्या जिभेला घट्टे पडले.

"आते मी थकी गऊ रे!" म्हणत शेवटी त्यांनीच स्टोव्ह पेटवला, तर वाफ मडक्याच्या तोंडातूनच भसाभसा निसटू लागली.

मागच्या बाकावरच्या रिनाला ते बघवेना. धावत येऊन तिने ओल्या मातीने मडक्याचं तोंड आणि नळी यांचा सांधा लिंपला, नळीवर गार फडकं गुंडाळलं. टपटप गोडं पाणी पडू लागलं, आणि तिने जीभ चावली.

"सर, घरी सांगू नका. मोहाची दारू कशी गाळतात हे कुणा साहेबाने विचारलं तर तोंड उघडायचं नाही, असं सगळ्यांच्याच आयांनी बजावलंय."